डोक्याचे माप, बुद्धीचे माप

पनवेल येथे माध्यमिक शिक्षकांसाठी भरलेल्या एका विज्ञान शिबिरात आम्ही मेंदूविषयी बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर शंका तोंडी विचारण्यापेक्षा चिठ्ठीवर लिहून द्याव्यात, असे ठरले होते. आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एकीवर असा मजकूर होता : ‘पुरुषांपेक्षा स्त्रियांचा मेंदू वजनाने कमी असतो, असे वाचले आहे. हे खरे असेल तर दहावीनंतर मुलीला विज्ञान शाखेला घालू नये, असे म्हणणाऱ्या पालकांना काय सांगावे?’

चिठ्ठीवर नाव नव्हते, पण प्रश्न मनापासून विचारलेला होता. त्याचे उत्तर ‘हे सगळे खोटे आहे’ असे एका वाक्यात देणे सोपे होते. पण ते बरोबर झाले नसते. चिठ्ठीतले पहिले वाक्य खरे आहे. सरासरीने पाहता पुरुषांचा मेंदू स्त्रियांच्या मेंदूपेक्षा जड असतो. प्रश्न आहे तो पहिल्या वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर मारलेल्या उडीचा. ही उडी दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि ती मारणाऱ्यांत त्या त्या काळचे नामवंत शास्त्रज्ञ होते. ती कशी तपासली गेली याचा इतिहास शिक्षकांना उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते. शिवाय या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेतून निघून बर्लिनपर्यंत जातो.

मोहरीचे दाणे आणि तराजू

एकोणिसाव्या शतकात जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे साधन नव्हते. उपाय दोनच होते. मृत्यूनंतर मेंदू बाहेर काढून वजन करायचे, किंवा रिकाम्या कवटीची आतली पोकळी मोजायची. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टन यांनी जगभरातून कवट्या गोळा केल्या. ते कवटीत मोहरी भरत आणि ती मापात ओतून पोकळीचे आकारमान काढत. मोहरी कमीजास्त दाबली जाते व माप बदलते, असे दिसल्यावर त्यांनी शिशाचे छर्रे वापरायला सुरुवात केली. इतकी काळजी घेऊन ते कशाच्या शोधात होते? मानवाच्या निरनिराळ्या ‘वंशां’ची उच्चनीच क्रमवारी लावण्याच्या.

पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी हे काम अधिक पद्धतशीरपणे केले. ब्रोका हे साधेसुधे नाव नव्हे. भाषण करण्याची क्षमता मेंदूच्या कोणत्या भागाशी निगडित आहे, हे त्यांनी १८६१ साली दाखवून दिले. तो भाग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पॅरिसच्या रुग्णालयांतील शवविच्छेदनांतून त्यांच्यासमोर मेंदूंच्या वजनांचा मोठा साठा जमला. २९२ पुरुषांच्या मेंदूंचे सरासरी वजन १३२५ ग्रॅम भरले आणि १४० स्त्रियांच्या मेंदूंचे ११४४ ग्रॅम. म्हणजे १८१ ग्रॅमचा फरक.

ही वजने ब्रोका यांनी प्रामाणिकपणे केली होती. स्त्रिया अंगानेही लहान असतात आणि फरकाचा काही भाग त्यामुळे असणार, हेही त्यांना ठाऊक होते. पण तो भाग किती हे काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. स्त्रिया पुरुषांपेक्षा बुद्धीने थोड्या कमी असतात हे आपल्याला माहीतच आहे, तेव्हा उरलेला फरक त्यामुळेच असणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले गेले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी ब्रोकांचेच आकडे घेऊन उंची आणि वय यांची दुरुस्ती केली. तेव्हा १८१ ग्रॅमचा फरक ११३ ग्रॅमवर आला. या दोन दुरुस्त्यांनी भागत नाही, हेही त्यांनी नोंदवले. कारण दोन माणसांची उंची सारखी असली तरी शरीराचा आकार सारखाच असतो असे नाही.

त्या काळच्या लिखाणात आणखी एक गोष्ट वारंवार आढळते. स्त्रिया, लहान मुले आणि युरोपबाहेरचे लोक यांना एकाच खालच्या पायरीवर बसवले जाई. कार्ल फोख्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात आफ्रिकी माणसाची तुलना गोऱ्या मुलाशी आणि गोऱ्या स्त्रीशी केली. गुस्ताव ल बॉन यांनी १८७९ साली स्त्रियांच्या उच्च शिक्षणाविरुद्ध कवटीच्या मापांचा आधार घेतला. मोजपट्टी एकच होती. ती एकदा स्त्रियांना लावली जाई, एकदा हिंदी किंवा आफ्रिकी माणसाला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे आपल्याला तिची गरज लागणार आहे.

छेद कोणता घ्यायचा?

नुसत्या वजनावर बुद्धी ठरवायची म्हटले तर पहिली अडचण हत्तीची येते. हत्तीचा मेंदू सुमारे ५ किलोग्रॅमचा असतो आणि स्पर्म देवमाशाचा त्याहूनही मोठा. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६९ साली स्त्रियांच्या पारतंत्र्यावर लिहिलेल्या पुस्तकात नेमका हाच आक्षेप घेतला होता.

मग मेंदूच्या वजनाला शरीराच्या वजनाने भागून पाहावे असे कोणी सुचवले. या हिशेबात स्त्रिया पुरुषांच्या मागे पडत नाहीत, पण उंदीर मात्र माणसाच्या बरोबरीला येतो आणि चिचुंद्रीच्या कुळातले छोटे प्राणी माणसाच्या कितीतरी पुढे जातात. कारण शरीर मोठे होत जाते तसा मेंदूही वाढतो, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. साधा भागाकार येथे पुरत नाही.

वजनाने काम भागेना, तेव्हा मेंदूच्या भागांकडे मोर्चा वळला. बुद्धीचे स्थान कपाळामागच्या खंडात आहे अशी समजूत असताना तो खंड पुरुषांत मोठा असल्याचे सांगितले गेले. काही वर्षांनी बुद्धीचे स्थान टाळूखालच्या खंडात असावे असा विचार पुढे आला, तर तोच खंड पुरुषांत मोठा असल्याची मापे येऊ लागली. मेंदू तेच होते, मोजणारेही तेच होते. हॅवलॉक एलिस यांनी १८९४ साली आपल्या पुस्तकात या कोलांटउडीची नोंद केली आहे.

मोजणाऱ्यांचीच डोकी मोजली

या वादाला खरे वळण दिले ते लंडनच्या ॲलिस ली या गणिती स्त्रीने. त्या संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअरसन यांच्याकडे संशोधन करत होत्या. जिवंत माणसाच्या डोक्याची लांबी, रुंदी आणि उंची घेऊन आतल्या पोकळीचे आकारमान अंदाजाने काढण्याचे सूत्र त्यांनी तयार केले. आता तपासणीसाठी कोणी मरण्याची वाट पाहायला नको होती.

१८९८ साली डब्लिन येथे शरीररचनाशास्त्रज्ञांची सभा भरली होती. तेथे जमलेल्या ३५ तज्ज्ञांच्या डोक्यांची मापे घेण्यात आली होती. लीबाईंनी आपले सूत्र त्या मापांना लावले आणि सर्वांची क्रमवार यादी केली. कवट्यांच्या अभ्यासासाठी नावाजलेले स्वित्झर्लंडमधील प्राध्यापक कोलमान या यादीत अगदी तळाशी आले. लंडनच्या बेडफर्ड महाविद्यालयात शिकणाऱ्या काही विद्यार्थिनींची कवटी या यादीतील कित्येक विद्वानांच्या कवटीपेक्षा मोठी निघाली. डोक्याच्या मापावरून बुद्धी ठरते असे मानायचे तर या विद्वानांनी आपल्या खुर्च्या त्या मुलींना द्यायला हव्या होत्या. प्रबंध परीक्षकांना पचायला जड गेला, पण पीअरसन पाठीशी उभे राहिले आणि १९०१ साली लंडन विद्यापीठाने ॲलिस ली यांना डॉक्टरेट दिली.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला आहे. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट बीन यांनी १९०६ साली गोऱ्या व काळ्या लोकांच्या आणि स्त्री-पुरुषांच्या मेंदूंत ठळक फरक सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्यांत मेंदूचे दोन गोलार्ध जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड पट्ट्याचाही समावेश होता. या पट्ट्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. त्यांचेच विभागप्रमुख फ्रँकलिन मॉल यांना शंका आली. त्यांनी मेंदू पुन्हा मोजले, पण एक दक्षता घेऊन. मोजताना कोणता मेंदू कोणाचा आहे हे मोजणाऱ्याला कळणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी केली. बीन यांना दिसलेले फरक नाहीसे झाले! १९०९ साली मॉल यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मोजणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असेल तर त्याचा हात नकळत त्या बाजूला कलतो, हा धडा आजच्या औषधांच्या चाचण्यांतही पाळला जातो.

हुजूरपागेतून बर्लिनला

आता आपल्याकडे येऊ. २९ सप्टेंबर १८८४ रोजी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. पुढे ते हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ही मंडळी त्यामागे होती. मुलींना काय शिकवावे यावर लगेचच वाद पेटला. टिळकांच्या ‘मराठा’ या इंग्रजी पत्रातून १८८७ साली शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका झाली. मुलींना घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढेच शिकवावे, असा तिचा रोख होता. उलट आगरकरांनी ‘सुधारका’तून मुलगे व मुली यांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, अशी स्पष्ट भूमिका घेतली. त्याआधी १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून स्त्रियांना एक माप आणि पुरुषांना दुसरे, या रीतीलाच जाब विचारला होता.

पुण्यातला हा वाद मेंदूच्या वजनावर लढला गेला नाही. त्यात रूढी, धर्म व संसार हे मुद्दे पुढे होते. पण निष्कर्ष ल बॉन यांच्यासारखाच होता : मुलींचा अभ्यास वेगळा आणि बेताचा असावा. आणि हा विचार केवळ सनातनी मंडळींचा नव्हता. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्यांच्यासमोर जपानमधील महिला विद्यापीठाचा नमुना होता. स्त्रीचे कार्यक्षेत्र वेगळे असल्याने तिच्यासाठी वेगळा अभ्यासक्रम हवा, असे त्यांचे मत होते. त्या काळात हेही मोठे धाडसाचे पाऊल होते, हे विसरून चालणार नाही.

याच हुजूरपागेत एक मुलगी सातव्या वर्षी शिकायला आली. तिचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला होता आणि तेथील इरावती नदीवरून तिचे नाव ठेवलेले होते. वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात नोकरीला होते. पुण्यात ती रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली. १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी आणि १९२८ साली मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राची एम.ए. पदवी तिने मिळवली. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी तिचा विवाह झाला. या इरावतीबाई कर्वे. मराठी वाचक त्यांना ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांचे पहिले मोठे संशोधन कवट्यांवर होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

इरावतीबाईंनी डॉक्टरेटसाठी जर्मनीला जावे असे दिनकररावांना वाटत होते. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. पण घरातच विरोध झाला, आणि तो खुद्द महर्षींचा होता! स्त्रीशिक्षणासाठी विद्यापीठ उभारणाऱ्या सासऱ्यांना सुनेचे परदेशी जाणे मानवले नाही. दिनकररावांनी निर्णय बदलला नाही. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला रवाना झाल्या.

एकशे एकोणपन्नास कवट्या

बर्लिनच्या डालेम भागात १९२७ साली मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी कैसर विल्हेल्म संस्थेचे एक केंद्र स्थापन झाले होते. त्याचे संचालक ऑयगेन फिशर. जर्मनीच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्र संततीच्या लोकांवर त्यांनी केलेला अभ्यास १९१३ साली पुस्तकरूपाने आला होता. गोऱ्या वंशाची श्रेष्ठता हे त्यांच्या विचारांचे अधिष्ठान होते.

फिशर यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो कवटीच्या असमानतेचा. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू आरशातल्या प्रतिमांसारख्या तंतोतंत सारख्या नसतात. फिशर यांची अटकळ अशी होती की, ही असमानता युरोपीय लोकांत अधिक असावी. कपाळामागचा मेंदूचा भाग एका बाजूला जास्त विकसित झाला की कवटीचा तोल बदलतो, आणि हा विकास म्हणजे तर्कबुद्धीची खूण, असे त्यामागचे गणित. एकोणिसाव्या शतकात वजनाने जे साधायचे होते, तेच आता असमानतेने साधायचे होते.

जरा डोळ्यांसमोर आणा. तेवीस वर्षांची परकी विद्यार्थिनी, नवखी भाषा, कर्जावर चाललेले शिक्षण. मार्गदर्शक त्या शास्त्रातले जर्मनीतील सर्वांत वजनदार गृहस्थ. अटकळ खरी ठरली तर पदवी सुखाने मिळणार. आणि ती खरी ठरली तर विद्यार्थिनीचे स्वतःचे देशबांधव खालच्या पायरीवर जाणार. स्त्री आणि हिंदी, या दोन्ही नात्यांनी त्या मोजपट्टीने तिला आधीच मोजून टाकलेले होते.

इरावतीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मोजले. फिशर यांचीच पद्धत घेऊन त्यांनी निरनिराळ्या मानवसमूहांतील १४९ कवट्या तपासल्या. असमानता सापडली, पण ती सर्वत्र सापडली. ती कोणत्याही एका ‘वंशा’ची मिरास नव्हती. कवटी किंचित वाकडी असणे ही माणसाची सर्वसाधारण अवस्था आहे, असे त्यांच्या आकड्यांनी सांगितले. त्यांच्या जर्मन प्रबंधाच्या शीर्षकातच मानवी कवटीची ‘स्वाभाविक’ असमानता असे शब्द आहेत. मार्गदर्शकाची अटकळ फोल ठरली, हे त्यांनी लिहून दिले. फिशर यांनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली. पदवी मात्र नाकारता आली नाही, आणि १९३० साली डॉक्टरेट घेऊन त्या पुण्याला परतल्या.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या केंद्राने वंशशुद्धीच्या कायद्यांना शास्त्राचा टेकू दिला. महायुद्धाच्या काळात ऑशविट्झच्या छळछावणीतून डॉक्टर मेंगेले याने मृत कैद्यांच्या अवयवांचे नमुने याच केंद्राकडे पाठवले. मोहरीच्या दाण्यांपासून सुरू झालेली वाट तेथवर पोहोचली. एका तरुण मराठी संशोधिकेने खूप आधी त्या वाटेवर ‘आकडे असे म्हणत नाहीत’ अशी पाटी लावली होती, पण ती वाचायची कोणाची तयारी नव्हती.

येथे एक खुलासा केला पाहिजे. इरावतीबाईंनी मापे घेणे सोडले नाही. १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजमध्ये आल्या आणि १९५१ साली वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. मोजण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हते. मापाला जे सांगता येत नाही ते त्याच्या तोंडी घालणे हा त्यांच्या प्रबंधाने उघडा पाडलेला दोष होता.

आज काय माहीत आहे?

चुंबकीय अनुस्पंदनावर चालणाऱ्या एमआरआय यंत्रामुळे आता हजारो जिवंत माणसांचे मेंदू पाहता येतात. त्यातून तयार झालेले चित्र थोडक्यात असे आहे.

पुरुषांच्या मेंदूचे आकारमान सरासरीने स्त्रियांपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी अधिक असते. डेन्मार्कमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशींची संख्या स्त्रियांत सरासरी १९ अब्ज आणि पुरुषांत २३ अब्ज आढळली. पण त्याच मोजणीत माणसामाणसांतला फरक दुपटीहून अधिक होता. ब्रिटनमधील ५२१६ व्यक्तींच्या २०१८ सालच्या अभ्यासात पुरुषांत बाह्यकाचे आकारमान अधिक, तर स्त्रियांत बाह्यकाची जाडी अधिक आढळली. आणि दोन्ही गट एकमेकांवर मोठ्या प्रमाणात चढलेले होते.

कॉर्पस कॅलोसमची कथा पुन्हा एकदा घडली. १९८२ साली अमेरिकेत केवळ १४ मेंदूंवरून, म्हणजे ९ पुरुष आणि ५ स्त्रियांवरून, या पट्ट्याचा मागचा भाग स्त्रियांत मोठा असल्याचे प्रसिद्ध झाले. बायका एकाच वेळी अनेक कामे करतात त्या यामुळेच, अशा गोष्टी मासिकांतून पसरल्या. १९९७ साली अशा ४९ अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हा हा दावा टिकला नाही.

मग ‘पुरुषी मेंदू’ आणि ‘बायकी मेंदू’ असे दोन साचे असतात का? २०१५ साली डाफ्ना जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४०० हून अधिक मेंदूंची चित्रे तपासली. बहुतेक मेंदू सरमिसळ स्वरूपाचे निघाले. काही भाग पुरुषांत जास्त आढळणाऱ्या प्रकारचे, काही स्त्रियांत जास्त आढळणाऱ्या प्रकारचे. यावर आक्षेपही आला. संगणकाला सर्व मापे एकत्र दिली तर मेंदू स्त्रीचा की पुरुषाचा हे तो बहुतेक वेळा बरोबर ओळखतो, असे दुसऱ्यांनी दाखवले. पण डोक्याच्या आकाराचा परिणाम वजा केल्यावर ही अचूकता घटते. २०२१ साली लीझ एलियट यांनी तीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. आकाराचा परिणाम वजा केल्यावर मेंदूंतील एकूण विविधतेपैकी सुमारे १ टक्काच लिंगभेदाशी जोडता येते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. काही आजारांचे प्रमाण स्त्री-पुरुषांत वेगळे असते, म्हणून या फरकांचा अभ्यास चालू राहिलाच पाहिजे. मात्र त्यातून कोणाला कोणती शाखा झेपेल याचे उत्तर मिळत नाही.

आकार आणि बुद्धी यांचा काहीच संबंध नाही का? आहे, पण अगदी क्षीण. बुद्धिमापन चाचण्यांतील माणसामाणसांमधल्या फरकांपैकी जेमतेम ६ टक्के फरक मेंदूच्या आकारमानाशी जोडता येतो. आइन्स्टाइनचा मेंदू १२३० ग्रॅमचा होता. फ्रेंच साहित्यिक आनातोल फ्रान्स यांचा १०१७ ग्रॅमचा, तर रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा २०१२ ग्रॅमचा. आणखी एक गोष्ट म्हणजे मेंदू वापराने बदलतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. स्थळांच्या स्मृतीशी संबंधित असलेला त्यांच्या मेंदूतील एक भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० साली आढळले. तेव्हा प्रौढांच्या मेंदूत फरक दिसला तरी तो जन्मजात की शिक्षणाने आलेला, हा प्रश्न उरतोच. एका मुलीला लहानपणापासून पाटा-वरवंटा आणि दुसऱ्या मुलाला स्क्रू-ड्रायव्हर दिल्यानंतर दोघांची मापे घेऊन निसर्गाला जबाबदार धरता येत नाही.

पनवेलच्या फळ्यावर

शिबिरात आम्ही चिठ्ठीचे उत्तर बोलून दिले नाही. शिंप्याची टेप मागवली आणि हजर असलेल्या शिक्षक-शिक्षिकांच्या डोक्यांचा घेर मोजला. पहिल्याच फेरीत गंमत झाली. त्याच बाईंचा घेर दोन जणांनी मोजला तर दोन उत्तरे आली, कारण एकाने टेप अंबाड्यावरून घेतली होती आणि दुसऱ्याने अंबाड्याखालून. मग नियम ठरले : टेप कुठून न्यायची, किती ताणायची, मोजायचे कोणी, लिहायचे कोणी. मॉर्टन यांची मोहरी सर्वांना तेव्हा खरी कळली.

नंतर फळ्यावर आडव्या रेषेवर उंची आणि उभ्या रेषेवर घेर घेऊन प्रत्येकासाठी एक ठिपका काढला. सर्वांसाठी एकाच रंगाचा खडू. ठिपक्यांचा पुंजका तिरका वर चढत गेला होता. उंच माणसाचे डोके साधारणपणे मोठे असते, हे दिसत होते. मग विचारले, यांतले बायकांचे ठिपके कोणते? टोकाच्या थोड्या ठिपक्यांबद्दल लोकांनी बरोबर अंदाज केले, मधल्या गर्दीत मात्र सारखी चूक होत गेली. शेवटी आम्ही विचारले की, शाळेतला सर्वांत चांगला गणित शिकवणारा ठिपका कोणता? यावर हशा पिकला. उत्तर कोणीच दिले नाही, कारण फळ्यावर ते नव्हतेच.

हा प्रयोग आठवी ते दहावीच्या वर्गात एका तासात होतो. खर्च टेप आणि खडू एवढाच. वाढत्या वयात मुले-मुली वेगवेगळ्या वेळी उंच होतात, म्हणून वयाचीही नोंद ठेवावी. ज्यांना डोके मोजून घ्यायचे नसेल त्यांना आग्रह करू नये, नावे लिहू नयेत आणि कोणाच्या डोक्यावरून थट्टा होऊ देऊ नये.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालात मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असल्याची बातमी आपण वर्षानुवर्षे वाचतो. त्यावरून मुलींचा मेंदू सरस आहे, असा निष्कर्ष आपण काढत नाही आणि काढूही नये. मग ग्रॅममधल्या फरकावरून उलटा निष्कर्ष काढण्याची मुभा तरी का द्यावी?

त्या चिठ्ठीला आमचे उत्तर असे. पालकांना सांगावे की, मेंदूच्या सरासरी वजनात फरक आहे हे खरे, जसा सरासरी उंचीत आहे. पण सरासरी अकरावीला प्रवेश घ्यायला येत नाही. येते ती तुमची मुलगी. तिचा मेंदू कोणी मोजलेला नाही, आणि मोजला तरी तो तिला भौतिकशास्त्र झेपेल की नाही हे सांगणार नाही. ते पाहण्याचा मार्ग जुनाच आहे. तिला शिकवावे, प्रयोग करू द्यावेत, प्रश्न विचारू द्यावेत, आणि मग काय होते ते पाहावे.